सर्व बाबींचा साकल्याने विचार करून

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. लोक म्हणतात, नळाला पाणी येत नाही. मी म्हणते, अर्ज द्या. लोक म्हणतात, अर्ज दिला होता. मी म्हणते, पोच दाखवा. पोच दाखवलीच, तर मी अर्ज आत साहेबांकडे पाठवते आणि साहेब तो न उघडताच 'योग्य ते उत्तर द्यावे' असा शेरा मारून माझ्याकडे परत पाठवतात. योग्य ते उत्तर एकच आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी मी ते स्वल्पविरामासकट म्हणून दाखवीन: 'सर्व बाबींचा साकल्याने विचार करून आपणांस कळविण्यात येते की, आपली विनंती मान्य करता येत नाही.' या वाक्याचा अर्थ असा, की कोणीही कसलाही विचार केलेला नाही.

त्यामुळे नवऱ्याच्या पदकाबद्दल सैन्याच्या कार्यालयातून पत्र आलं आणि त्याची सुरुवातच 'सर्व बाबींचा साकल्याने विचार करून' अशी निघाली, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी मी नकाराला घाबरणारी बाई नाही, रोज देते. पण माझ्याच हातचा शिळा नकार कोणीतरी मलाच वाढला होता.

माझा नवरा सैन्यात रिकव्हरीच्या गाडीवर आहे. म्हणजे बंद पडलेल्या, घसरलेल्या, चिखलात रुतलेल्या गाड्या साखळी लावून ओढून आणायच्या. युनिटमध्ये त्याला स्टेपनी म्हणतात, कारण तो कायम सगळ्यांच्या मागे असतो आणि अडल्याशिवाय त्याची कोणाला आठवण होत नाही. घरीही साधारण तसंच आहे, पण ते जाऊ द्या.

गेल्या हिवाळ्यात सीमेवर चकमक झाली. जखमींना घेऊन निघालेला ट्रक एका अरुंद पुलावर बंद पडला. समोरच्या डोंगरावरून तोफगोळे येत होते, एखादा नदीत पडत होता, एखादा कठडा उडवत होता. माझ्या नवऱ्यानं आपली गाडी उलटी घेत पुलावर नेली, खाली उतरून साखळी लावली, ट्रक ओढायला सुरुवात केली, तर साखळी निसटली. तो पुन्हा उतरला, पुन्हा साखळी लावली आणि ट्रक बाहेर काढला. आतले सगळे जखमी वाचले. हे मला त्याच्या कॅप्टनकडून कळलं, कारण कॅप्टन नदीच्या काठावरून दुर्बीण लावून बघत होता. नवऱ्यानं घरी आल्यावर फक्त एवढंच सांगितलं होतं, की क्लच जरा सरकतोय, बघायला हवा.

कॅप्टननं त्याच्या नावाची शिफारस शौर्यपदकासाठी केली. शौर्यपदकाची फीत निळी असते. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, कारण माझे सासरे पलटणीचे शिंपी होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या छातीवर फिती शिवल्या. कोण कुठे लढला हे त्यांच्या लक्षात नसतं, पण कोणाची फीत वाकडी बसली होती ते अजून सांगतील. शिफारस गेल्याचं कळलं त्याच दिवशी त्यांनी मुलाचा परेडचा कोट कपाटातून काढला, आधीच्या फितींची ओळ उसवली आणि सगळ्या फिती एकेक घर सरकवून पहिली जागा मोकळी सोडली. निळ्या फितीचा तुकडा त्यांच्या जुन्या डब्यात होताच. मग रोज सकाळी चष्मा लावून ते त्या मोकळ्या जागेकडे बघत बसायचे.

आणि आता हे पत्र. 'सदर कामगिरी ही वाहनावरील दोन्ही कर्मचाऱ्यांनी मिळून पार पाडलेल्या नेहमीच्या कर्तव्याचा भाग असल्याने, शौर्यपदकाऐवजी दोघांनाही प्रशंसापदक देण्यात येत आहे.' प्रशंसापदकाची फीत मातकट असते.

"हा काय रंग झाला?" सासरे म्हणाले. "कोटावर चहा सांडलाय असं वाटतं लोकांना. सूनबाई, तू तक्रारीतली आहेस. कर काहीतरी."

दोघांपैकी दुसरा म्हणजे हॉर्न, नवऱ्याचा जोडीदार. रिकव्हरीच्या गाडीवर कधी एकटा माणूस नसतो. एकजण स्टिअरिंगवर, एकजण खाली साखळीला. हॉर्न हे नाव त्याला का पडलं हे आमच्या गल्लीला विचारा. कोपऱ्यावर असल्यापासूनच त्याची आरोळी येते: "वहिनी, चहा टाका, तुमचा माणूस अख्खा परत आणलाय!" या खेपेला मात्र तो दाराशीच घुटमळला, चहा नको म्हणाला आणि गेला. मला वाटलं, आईनं लग्नाचा लकडा लावला असेल.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पत्र पर्समध्ये घालून कॅप्टनच्या कार्यालयात गेले. कॅप्टन वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. टेबलावर नकाशे, नकाशांवर चहाच्या कपाचे गोल डाग. मला बघून तो उभा राहिला.

"बसा, ताई. भांडायला आलात ना?"

"आधी एवढं सांगा, हे वाक्य कोणी लिहिलं?"

त्यानं पत्र वाचलं. "असेल कोणी कारकून."

"ते मला कळलं. मीपण कारकूनच आहे. कॅप्टनसाहेब, हे वाक्य आम्ही कधी लिहितो माहीत आहे का? अर्ज उघडायचा कंटाळा आला की."

तो हसला. मग त्यानं मला शिफारशीचा प्रवास समजावून सांगितला. शिफारस खालून वर जाते आणि जाता जाता बारीक होत जाते. बटालियन म्हणते, माणूस आपलाच आहे, जाऊ द्या. ब्रिगेडमध्ये कोणाच्या तरी लक्षात येतं की यंदा नावं फार झाली. त्याच्या वरच्या कार्यालयात विचार पडतो की ड्रायव्हरलाच शौर्यपदक दिलं तर परवाच्या त्या मेजरला काय द्यायचं, त्यानं तर नकाशावर केवढी मोठी लढाई केली आहे. म्हणून अनुभवी अधिकारी हवं असतं त्याच्यापेक्षा एक पदक वरचं मागतात. वरचे ते एक पायरी खाली आणतात आणि दोन्हीकडे समाधान होतं.

"आणि तुम्ही?"

"मी जे द्यायला हवं तेच मागितलं," तो खालच्या मानेनं म्हणाला. "नवीन आहे ना मी."

मला त्याची दया आली. बाजारात पहिल्यांदा गेलेल्या माणसासारखा त्यानं खरा भाव सांगून टाकला होता.

"बरं, मग दाद मागायची कशी?"

"मागता येते, मुदत आहे अजून. ज्यानं शिफारस केली त्याचं पत्र लागतं, ते मी देतो. पण नुसतं अन्याय झाला म्हणून चालत नाही. त्यांच्यापुढे आधी न आलेली एखादी नवी गोष्ट लागते."

"अहो, त्यांनी जुनं तरी कुठे वाचलंय!"

कॅप्टन उठला आणि त्यानं दार लोटून घेतलं. "ताई, तिथं तुमचं चुकतंय. त्यांनी वाचलं. वरून लेखी प्रश्न आला होता, गाडीवर दोघं असतात, तर कोणी काय केलं ते कळवा. मी बघितलं ते खालच्या माणसाला. केबिनमधलं मला दिसत नव्हतं, धुरळा होता. म्हणून मी तुमच्या नवऱ्याला विचारलं. त्यानं लिहून दिलं, साखळी मी लावली, गाडी जोडीदारानं ओढली. खाली सही. तिथंच शौर्यपदक गेलं."

भांडायला आणलेलं पत्र मी पुन्हा पर्समध्ये घातलं. माझ्या आयुष्यात असं फार वेळा होत नाही.

"आता तुम्हाला मी जे बघितलं ते सांगतो," कॅप्टन म्हणाला. "तो खाली उतरला, साखळी लावली, वर चढला, मग गाडी हलली. साखळी निसटली. तो पुन्हा उतरला, लावली, पुन्हा वर चढला, मग गाडी हलली. वर स्टिअरिंगवर कोणी बसलेलं होतं, तर याला दर वेळी वर चढायची काय गरज होती?"

"म्हणजे गाडी त्यानंच ओढली? आणि हॉर्न कुठे होता?"

"ते मला माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर मी विचारलेलंही नाही." तो पुन्हा खुर्चीत बसला. "दुसऱ्या माणसानं एवढंच लिहून दिलं की गाडी मी ओढली नाही, तर तुमच्या नवऱ्याचं शौर्यपदक कोणी अडवू शकत नाही. पण मग त्याला पुढचा प्रश्न विचारला जाईल, तू काय करत होतास. गोळीबारात कामाची जागा सोडणं म्हणजे नोकरी जाते, तुरुंगही होऊ शकतो. ते एकदा वर गेलं की माझ्या हातात राहत नाही."

मी घरी आले तेव्हा नवरा स्वयंपाकघरात ओट्याखाली आडवा होता. आमच्या बेसिनचा पाइप कित्येक दिवस गळत होता. पाणीपुरवठ्यातल्या बाईच्या घरचं पाणी गळतं, यावर गल्लीत विनोद करून झाले आहेत, तुम्ही नवे करू नका. बाहेर फक्त त्याचे दोन पाय दिसत होते. मी त्या पायांशीच बोलायला सुरुवात केली.

"कॅप्टनकडे गेले होते."

"हं. पाना दे गं, तो लहान."

"गाडी कोणी ओढली?"

पाय स्तब्ध झाले. "लिहून दिलंय मी."

"तू काय लिहून दिलंयस ते कळलं. ओढली कोणी ते विचारतेय."

मग ओट्याखालून उत्तर आलं, "तो गाडीतच होता. पळून गेला नव्हता."

"पण ओढली नाही."

"घाबरला तो. होतं असं."

"आणि तू नव्हतास घाबरला?"

"मीपण घाबरलो होतो. पण माझ्या हाताला काम होतं." पाय जरा आत ओढले गेले. "हे बघ, इतकी वर्षं साखळीला कोण उतरतो? तोच. चिखलात, बर्फात, कंबरभर पाण्यात. मी वर काचेआड बसून स्टिअरिंग धरतो. तेव्हा कोणी दुर्बीण लावून बघायला आलं नाही. एक दिवस नाही उतरला, तर लगेच त्याला तुरुंगात घालायचं?"

"तुरुंगात घाल असं मी कुठे म्हणतेय? माझ्या माणसाचं माझ्या माणसाला द्या एवढंच म्हणतेय मी!"

"ते दोन्ही एकच आहे."

हे खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. मी त्याला त्या दिवसाबद्दल सांगितलं, जे आजवर सांगितलं नव्हतं. दुपारी युनिटमधल्या कोणाच्या तरी बायकोचा फोन आला होता, की पुलावर रिकव्हरीची गाडी गोळीबारात सापडलीय, पुढचं काही कळत नाही. फोन मांडीवर ठेवून मी खिडकीवर बसून राहिले. घरी आले असते तर सासऱ्यांना तोंड दाखवावं लागलं असतं. लोक येत होते, नळाला पाणी नाही म्हणत होते आणि मी अर्ज द्या म्हणत होते. संध्याकाळी त्याचा स्वतःचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला होता, अगं, क्लच सरकतोय.

"आणि हे लोक लिहितात, नेहमीचं कर्तव्य!" माझा आवाज फुटला. "तो दिवस नेहमीचा नव्हता. मला ते कोणीतरी मोठ्या साहेबानं, बँड वाजवून, निळ्या फितीनं सांगायला हवंय. नाहीतर मला वाटत राहील की मी उगाच मेले होते त्या दिवशी."

नवरा घाईनं बाहेर निघाला आणि ओट्याची कड डोक्याला लागली. कपाळ चोळत तो माझ्यापुढे फरशीवर बसला. "तुला माहीत आहे ना काय झालं ते?"

"आता झालं माहीत."

"मग झालं तर."

"नाही झालं," मी म्हटलं, आणि पाना त्याच्या हातात आपटून बाहेर गेले. पाइप पुढे दोन्ही बाजूंनी गळू लागला.

पुढचे काही दिवस घरात अबोला होता. आमच्या अबोल्यात मी बोलते आणि तो बोलत नाही, म्हणजे फरक फारसा कळत नाही. सासऱ्यांना मी काही सांगितलं नाही. ते बिचारे सुईत निळा दोरा ओवून बसले होते. "अपील कधी जातंय?" एवढंच विचारायचे. मी अपील लिहायला घेतलं, आणि आपलं म्हणून सांगत नाही, पण फार सुंदर लिहिलं. अर्ज कुठे कुठे अडकवता येतो हे मला चांगलं माहीत असल्यामुळे मी प्रत्येक भोक बुजवलं होतं. फक्त एक कागद कमी होता, हॉर्नचा. मी त्याला निरोप पाठवला: भाऊजी, घरी येऊन जा, काम आहे. काम काय ते लिहिलं नाही, पण शहाण्याला समजावं असाच निरोप होता तो.

तो घरी आला नाही. तो माझ्या खिडकीवर आला.

सकाळची गर्दीची वेळ होती. मी मान खाली घालून "पुढचे" म्हटलं आणि काचेखालून टोकन आलं. ते सरकवणाऱ्या बोटांवर साखळीचे जुने, पांढरे पडलेले वण होते. वर बघते तर हॉर्न. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, रांगेत रीतसर उभा राहून आलेला. मागे एक आजोबा, हातात रिकामी बादली घेऊन. ते नेहमी पुराव्यादाखल बादली आणतात.

"भाऊजी, इथे कशाला? मी घरी बोलावलं होतं."

"घरी तो असतो, वहिनी." इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. "तक्रार द्यायची आहे. माझ्याविरुद्ध."

त्यानं घडी केलेला कागद काचेखालून आत सरकवला. मी तो उघडला नाही. त्यानंच सांगितलं, काचेला तोंड लावून, मागच्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"पहिला गोळा पडला आणि मी सीटवरून खाली घसरलो. पेडलपाशी. कानांवर हात घेऊन. साखळीला मी उतरायचं होतं, वहिनी, ते माझं काम. तो माझ्या नावानं एकदा ओरडला. मग स्वतःच उतरला. परत वर आला तेव्हा मी तिथंच. त्यानं मला पायानं हळूच बाजूला सरकवलं आणि म्हणाला, 'जरा पाय आवर, क्लच दाबायचाय.' बस. दोन्ही वेळा तेवढंच. नंतर आजपर्यंत एक शब्द नाही बोलला. शिवी तरी द्यायची!"

"ते त्याला जमत नाही," मी म्हटलं.

"माझ्या आईनं शेजारच्या बायकांना बोलावून पदकाचं पत्र दाखवलं. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. ते पदक मला लावून घेता येणार नाही. तुम्ही हा कागद लावा तुमच्या अपिलाला. जे व्हायचं ते होऊ दे."

"बाई, आमच्या नळाचं काय?" मागून आजोबा म्हणाले.

"थांबा हो जरा!" मी खेकसले.

मला जे हवं होतं ते माझ्या टेबलावर पडलं होतं. नुसतं टाचणी लावून जोडायचं. निळी फीत, बँड, पहिल्या जागेवर सासऱ्यांचे बारीक टाके, सगळं त्या घडीत होतं. आणि मी, या खिडकीवर बसायला लागल्यापासून पहिल्यांदाच, एका अर्जाचा विचार केला. खरोखरचा केला. समोरची वण पडलेली बोटं बघितली, ज्यांनी इतकी वर्षं साखळी लावली म्हणून माझा माणूस काचेआड कोरडा राहिला. ती आई डोळ्यांसमोर आली, पत्र हातात घेऊन दारात उभी. मग नवऱ्याचा पाय आठवला. वर आग पडत असताना त्या पायानं लाथ मारली नव्हती, फक्त सरकवलं होतं. मला नवऱ्याचा इतका राग आला आणि तो इतका आवडला, की त्याच्या नावानं बोटं मोडावीत की काय करावं ते कळेना. पण त्यानं त्या पुलावर दोनदा उतरून ट्रकमधली माणसं वाचवली होती आणि हा कागद जोडला, तर त्याच्याच गाडीतलं एक माणूस मी त्याच्या माघारी बुडवणार होते.

मला निळी फीत हवी होती. आजही हवी आहे. हे मी कोणापासून लपवत नाही.

मी त्याचा कागद तसाच न उघडता आडवा धरला आणि वर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: सर्व बाबींचा साकल्याने विचार करून आपणांस कळविण्यात येते की, आपली विनंती मान्य करता येत नाही. मग 'नामंजूर'चा शिक्का उचलला आणि असा हाणला की शेजारच्या खिडकीवरची बाई दचकली.

"वहिनी, हे काय?"

"निकाल. घेऊन जा आणि घरी चुलीत घाला."

"मग अपील?"

"ते माझं मी बघते. आणि पदक लावायचं, भाऊजी. टोचेल. टोचू दे."

त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. रांगेसमोर रडू नये म्हणून त्यानं मोठ्यानं खाकरून घेतलं. "आणि मी पुन्हा गाडीवर बसू?"

"ते मला काय विचारता? स्टेपनीला विचारा."

"त्यानं कालच साखळी माझ्या अंगावर टाकली. म्हणाला, गंज चढलाय, घासून ठेव, पुढच्या वेळी तुलाच उतरायचंय."

"मग झालं तर," मी म्हटलं. हे वाक्य माझं नव्हतं, पण जिभेवर आलं. "पुढचे!"

आजोबा बादलीसकट पुढे आले. त्यांचा अर्ज मी स्वतः आत साहेबांकडे घेऊन गेले आणि साहेब तो उघडून वाचेपर्यंत मी टेबलासमोरून हलले नाही. साहेबांनी मला विचारलं, आज बरं वाटत नाहीये का.

संध्याकाळी मी कॅप्टनला फोन करून पत्र नको म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं नाही, फक्त "ताई, पुढच्या वेळी मी एक पायरी वरचं मागेन" म्हणाला. सासऱ्यांना सांगितलं की मुदत टळली. ते चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तक्रारीतली सून असून मुदत टळते म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते रास्तच होतं. मग एका दुपारी त्यांनी गुपचूप कोट घेतला, पहिल्या जागेसाठी सरकवलेल्या फिती परत होत्या तिथे नेल्या आणि शेवटी मातकट फितीसाठी एक घर सोडलं. टाके नेहमीइतकेच बारीक होते. नवऱ्यानं हे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओट्याखाली शिरून पाइप दुरुस्त करून टाकला. आमच्याकडे आभार असेच मानतात.

पदकवाटपाच्या दिवशी परेड मैदानावर ऊन होतं आणि बँड बेसूर होता. आम्ही घरची माणसं कडेच्या खुर्च्यांवर. हॉर्नची आई माझ्या दोन खुर्च्या पलीकडे, नवी साडी नेसून, हातातला रुमाल पिळत बसलेली. आधी शौर्यपदकं झाली. नकाशावाल्या मेजरला निळी फीत मिळाली. त्याला चांगली दिसत होती, मी नाव ठेवणार नाही. मग आमची रांग. स्टेपनी आणि हॉर्न शेजारी शेजारी, छाती पुढे, नजर समोर.

हॉर्नचं नाव पुकारलं गेलं. तो हलला नाही. निवेदकानं पुन्हा पुकारलं. तो तसाच, खिळल्यासारखा. त्याच्या आईचा रुमाल थांबला. आणि मग माझ्या नवऱ्यानं, मान न वळवता, डोळ्याची पापणीही न हलवता, आपला बूट हळूच बाजूला नेला आणि हॉर्नच्या बुटाला सरकवलं.

हॉर्न पुढे गेला. कर्नलनं त्याच्या छातीवर पदक लावलं.

सासरे माझ्या कानाशी वाकून फणफणले. "बघितलंस? भर परेडमध्ये पाय हलवला गाढवानं. एवढ्यासाठीच मिळत नाही याला मोठं पदक."

"हो बाबा," मी म्हटलं, "एवढ्यासाठीच."

आणि मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की पुढच्या रांगेतल्या कर्नलसाहेबांच्या बायकोनं वळून बघितलं.